पहिली-दुसरीच्या मुलांकडून आपण जास्त मागतोय, की चुकीच्या वेळी मागतोय? (सोलापूर)

मधलीसुट्टी (धागाकर्ता)

जून जवळ आला की सोलापुरात दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक, "पहिलीतच एवढा अभ्यास?" आणि दुसरं, "त्या शाळेत काहीच घेत नाहीत." दोन्ही अंदाजाने बोलली जातात. म्हणून आधी कागदावर काय आहे ते मांडतो.

शिक्षण हक्क कायदा, २००९ : पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास. म्हणजे दिवसाला सरासरी चार तास शिकवणं.

निपुण भारत (केंद्राचं पायाभूत वाचन-गणिताचं अभियान, जुलै २०२१) : बालवाटिकेच्या, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्षाच्या शेवटी दोन-तीन अक्षरी सोपे शब्द वाचणं आणि १० पर्यंतचे अंक ओळखणं. पहिलीच्या शेवटी चार-पाच सोप्या शब्दांची वाक्यं आणि ९९ पर्यंतच्या संख्या. दुसरीला मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि ९९९ पर्यंतच्या संख्या. तिसरीला मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून, आणि ९,९९९ पर्यंतच्या संख्या.

दप्तर धोरण, २०२० : दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नको. बालवाडीला दप्तरच नाही. दुसरीपर्यंत गृहपाठ नाही. तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास.

आता मोठ्या गटाची, म्हणजे पाच वर्षांच्या मुलाची वही उघडा. बऱ्याच ठिकाणी त्यात १ ते १०० अंक, २ ते १० पाढे, एबीसीडी मोठी आणि छोटी, पूर्ण बाराखडी आणि 'माय सेल्फ'च्या पाच ओळी दिसतील. कागदावर जे पहिली ते तिसरीचं आहे ते अलीकडे ओढलेलं आहे. १९९३ च्या यशपाल समितीने दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचं ओझं जास्त घातक म्हटलं होतं. मला ते आजही तंतोतंत पटतं. अभ्यासक्रम स्वतः फार जड नाही, आपण त्याच्या आधी आणि नंतर जे थर चढवलेत ते जड आहेत.

ज्यांना या कामाची आतून माहिती आहे त्यांनी लिहावं. अनुभवकथनापेक्षा नेमकं काय चुकतं आणि काय करता येतं, यावर बोलूया.

पाटीपेन्सिल

हातापासून सुरुवात करते, कारण लहान वयात पहिला मार हातालाच बसतो.

व्हॉट्सॲपवर लहान मुलाच्या हाताचा एक्स-रे फिरतो. "मनगटाची हाडं तयार नाहीत, लिहायला लावू नका" असं त्याखाली लिहिलेलं असतं. हाडांची गोष्ट खरी आहे. मनगटातली आठ छोटी हाडं जन्मतः कूर्चेची असतात, एकेक करून टणक होतात आणि शेवटच्याची पाळी साधारण आठ ते बाराव्या वर्षी येते. पण लिहिणं अडतं ते त्यामुळे नाही. अडतं ते बोटांचे बारीक स्नायू, खांद्याचा आधार आणि डोळा-हात यांचा मेळ जमलेला नसतो म्हणून. हा मेळ जमला का, हे एक्स-रेशिवाय घरबसल्या कळतं.

मुलाला आकार बघून काढायला सांगा. गोल साधारण तिसऱ्या वर्षी जमतो. अधिकचं चिन्ह चौथ्या, चौकोन साडेचार-पाचव्या, त्रिकोण पाच-साडेपाचला आणि शंकरपाळ्याचा आकार सहा-सातच्या आसपास. यातून एक सरळ गोष्ट निघते : तिरपी रेघ सगळ्यात उशिरा येते. आता अक्षरं बघा. 'ब' आणि 'ष' मध्ये पोटातून तिरपी रेघ जाते. इंग्रजीत ए, के, एम, एन, व्ही, डब्ल्यू, एक्स, वाय, झेड सगळी तिरप्या रेघांची. आणि शाळेच्या पहिल्याच दिवशी आपण काय ठेवतो? 'अ' आणि 'ए'. 'अ' म्हणजे तीनसारखं दुहेरी वळण, मधली आडवी रेघ, उभी रेघ, वर शिरोरेषा. मुळाक्षरांत ते पहिलं आहे, म्हणून हाताला सोपं नाही. ट, ठ, र, ग, न, त, व, म ही अक्षरं हाताला त्याच्या कितीतरी आधी येतात. 'गमभन' हा क्रम जुन्या शिक्षकांनी उगाच लावलेला नव्हता.

चार वर्षांपासून पुढे क्रम असा ठेवा :

आधी जमिनीवर किंवा गच्चीत खडूने हातभर लांब रेघा. उभ्या, मग आडव्या, मग गोल. इथे खांदा आणि कोपर तयार होतात. पंधरा दिवस हेच चाललं तरी काही बिघडत नाही.

मग पाटी. पाटीवर दगडी पेन्सिल थोडी अडखळत चालते आणि ती अडखळण हाताला रेघेची दिशा कळवते. गुळगुळीत कागदावर हे मिळत नाही. मोठं अक्षर काढून द्यायचं आणि मुलाने ओल्या बोटाने ते गिरवत पुसायचं. दहा मिनिटं, बस.

मग रंगखडूचा इंचभर तुकडा. अख्खा खडू दिला की मूल तो मुठीत धरतं. तुकडा मुठीत मावतच नाही, त्यामुळे अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट आपोआप कामाला लागतात. पकड सुधारायला दुकानातून रबरी पकड आणण्याआधी हे करा.

शेवटी कागद, तोही बिनरेघी. नंतर दोन सेंटिमीटरचा पट्टा, नंतर दुरेघी. चौरेघी वही सगळ्यात शेवटी. आपल्याकडे चौरेघी मोठ्या गटात पहिल्याच आठवड्यात येते आणि तिथून रडारड सुरू होते. अक्षर अर्ध्या सेंटिमीटरच्या पट्टीत बसवायला जी बारीक हालचाल लागते ती त्या वयात नसते. मग मूल ती ताकदीने भरून काढतं.

ही ताकद कशी ओळखाल? वहीचं पान उलटा आणि मागून बोट फिरवा. अक्षरं उमटलेली हाताला लागली तर दाब जास्त आहे. अंगठा पेन्सिलीवरून पलीकडे गुंडाळलेला दिसेल, मनगट कागदाला न टेकता हवेत असेल, पाच-सहा ओळींनंतर मूल हात झटकेल. यातली दोन लक्षणं एकत्र दिसली की लेखन थांबवा आणि आठवडाभर फक्त बोटांचं काम द्या : कणकेचा गोळा मळणं, कपड्यांचे चिमटे दोरीला लावणं, कागद फाडून चिकटवणं, ज्वारीतले खडे वेचणं, शेंगा सोलणं. शेंगा सोलण्यासारखा चिमटीचा व्यायाम दुसरा नाही आणि तो सोलापुरात घरोघरी उपलब्ध आहे. वाटीभर शेंगा पुरे. त्याला घरकामाची सक्ती करू नका.

बसण्याकडेही बघा. पाय अधांतरी लोंबत असतील तर अर्धी ताकद तोल सांभाळण्यात जाते. पायाखाली लाकडी पाट किंवा जुन्या वह्यांचा गठ्ठा ठेवा.

जुळेसोलापूर_पालक

हे सगळं पटतं, पण पहिलीच्या प्रवेशाला मुलाला समोर बसवून लिहायला-वाचायला लावतात त्याचं काय? मोठ्या गटात घेतलं नाही तर लेकरू तिथंच मागं पडेल ही भीती आहे. आणि डावखुऱ्या मुलांना हाच क्रम चालतो का?

शाळासमिती

प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी, मुलाखत घेता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३. पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत आणि नंतर दर वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. "जरा ओळख करून घेतो" म्हणून पेन्सिल हातात दिली तरी ती चाचणीच. अशा वेळी शांतपणे विचारा, "हे प्रवेश ठरवण्यासाठी आहे का? तसं असेल तर लेखी द्या." लेखी कुणी देत नाही आणि विषय तिथेच मिटतो. नाहीच मिटला तर महापालिका हद्दीत शिक्षण मंडळाच्या प्रशासनाधिकाऱ्यांकडे आणि ग्रामीण भागात जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. पोच घ्यायला विसरू नका.

पाटीपेन्सिल

डावखुऱ्यांना हाच क्रम. फक्त कागदाचा वरचा भाग उजवीकडे कलता ठेवा आणि पेन्सिल टोकापासून थोडी वर, दोन-अडीच सेंटिमीटरवर धरू द्या, म्हणजे लिहिलेलं दिसतं आणि हाताने पुसलं जात नाही. बाकावर त्यांना डाव्या टोकाला बसवा, शेजाऱ्याचं कोपर लागत नाही. हात बदलायला लावू नका. जेवणाचा हात कुठला, हा प्रश्न घरात वेगळा सोडवा.

घरकुल

इथं सगळे "कमी करा, कमी करा" म्हणतायत, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

विडी घरकुल, नीलम नगर, कुंभारीकडच्या वसाहती डोळ्यांसमोर आणा. आई हजार विड्यांचा हिशेब पुरा करण्यात दिवसभर गुंतलेली, वडील यंत्रमागावर पाळीला. घरात अभ्यास घेणारं कुणी नाही आणि शिकवणीचे पैसे नाहीत. अशा लेकराला वाचायला शिकवणारी एकच जागा आहे, शाळा. शाळेनं "अजून लहान आहे, खेळू दे" म्हणत दुसरी काढली, तर तिसरीला परिसर अभ्यास सुरू होतो. तिथून पुढं प्रत्येक विषय वाचूनच शिकायचा असतो. न वाचता येणारं लेकरू गणितात पण नापास होतं, कारण त्याला उदाहरणच वाचता येत नाही.

होटगी रोडच्या मुलाचं ओझं आणि घरकुलातल्या मुलाचं ओझं एक नाही. पहिल्याला शाळा, शिकवणी, अबॅकस, फोनिक्स असे चार थर आहेत. दुसऱ्याच्या वाट्याला एकही धड थर नाही. सरसकट "अपेक्षा कमी करा" ही घोषणा झाली की ज्याच्याकडं काहीच नाही त्याचंच आधी कमी होतं. निपुणची पातळी ही किमान पातळी आहे. ती गाठलीच पाहिजे. तिसरीच्या दारात मूल वाचतं असलं पाहिजे, यावर तडजोड नको.

मधलीसुट्टी

घरकुल, तुमचा मुद्दा मोलाचा आहे आणि धाग्याच्या शीर्षकात तो आला नाही, ही उणीव मान्य. तिसरीच्या दारात वाचतं मूल, हे मलाही हवंय. माझा आक्षेप पाचव्या वर्षी बाराखडी लिहून घेण्याला आहे. त्यानं तिसरीतलं वाचन लवकर येत नाही.

पूर्वभाग

घरकुल यांच्या मुद्द्याला जोडून. साखर पेठ, अशोक चौक, दत्त नगर या आपल्या पूर्व भागात घरची भाषा तेलुगू. अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडे कन्नड. महापालिकेच्या मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या शाळा आहेत, तरी बरीच मुलं मराठी किंवा सेमी इंग्रजीत जातात. पहिलीत बसलेल्या अशा मुलाला एकाच वेळी तीन कामं असतात : मराठी समजणं, मराठी लिपी आणि सेमी असेल तर इंग्रजीतून गणित. बाहेरून आपल्याला ते "मठ्ठ" दिसतं. वास्तविक ते तिप्पट काम करत असतं.

उपाय महागडा नाही. पहिले दोन-अडीच महिने लेखन कमी आणि बोलणं जास्त. सूचना घरच्या भाषेतही द्यायच्या. मुलाने तेलुगूत उत्तर दिलं तर ते बरोबर धरायचं आणि तेच मराठीत आपण म्हणून दाखवायचं, "असं म्हण" न म्हणता.

वाचनाला अख्खी मुळाक्षरं संपण्याची वाट बघू नका. र, ग, म, न ही चार अक्षरं आणि काना एवढ्यावर किती शब्द होतात बघा : राग, नाग, मान, मामा, राम, नगर, मगर, गरम आणि माग. 'माग' हा शब्द या भागातल्या मुलाला समजावून सांगावा लागत नाही. त्याच्या गल्लीत तो रात्रंदिवस खडखडत असतो. चार अक्षरांत पहिल्या पंधरवड्यात मूल शब्द वाचतं, आणि वाचता आलं हे त्याला स्वतःला कळतं. सगळी मुळाक्षरं पाठ करून मग बाराखडी, मग शब्द या रस्त्यानं हाच क्षण सहा महिने लांबतो. तोवर अर्ध्या वर्गाचं मन उडालेलं असतं.

आधी कानाचं काम विसरू नका. 'सोलापूर' म्हणताना टाळ्या किती? सो-ला-पूर, तीन. शब्दाचा शेवट काढून त्यावरून पुढचा शब्द, भेंड्यांसारखं. दोन आठवडे रोज दहा मिनिटं. ज्या मुलाला शब्द तोडता येत नाही त्याला अक्षरं जोडता येत नाहीत.

नेहमीचे अडथळे : घ-ध, भ-म, थ-य, ब-व. या जोड्या एकाच आठवड्यात शिकवू नयेत, मध्ये किमान तीन आठवडे जाऊ द्यावेत. पहिली वेलांटी हा वेगळाच घोळ. 'दिवा' म्हणताना आधी 'द' ऐकू येतो आणि लिहिताना खूण आधी येते. मूल ती 'द'च्या नंतर काढतं. त्याला निष्काळजीपणा म्हणू नका, त्यानं ऐकलं तसं लिहिलंय.

दशकएकक

पूर्वभाग, तुम्ही गणिताचं नाव काढलंत, म्हणून मराठी संख्यानामांचं इथेच लिहितो. सोलापुरात हा प्रश्न फार खोल आहे आणि त्यावर बोललं फार कमी जातं.

मराठीत ५३ ला 'त्रेपन्न' म्हणतो. कानाला तीन आधी ऐकू येतो, पन्नास नंतर. मूल ऐकलेल्या क्रमाने ३५ लिहितं. २९ 'एकोणतीस', त्यात 'तीस' स्पष्ट ऐकू येतं, म्हणून मूल ३९ किंवा ३१ लिहितं. एकोणचाळीस, एकोणपन्नास तसंच. आणि नियम लक्षात येईपर्यंत ९९ 'नव्व्याण्णव' निघतं, एकोणशंभर नाही.

आता तेलुगूत ५३ : याभै मूडु, म्हणजे पन्नास तीन. कन्नडमध्ये ऐवत्तमूरु, तेही पन्नास तीन. २९ तेलुगूत इरवै तोम्मिदि, वीस नऊ. जसं बोलतात तसं लिहितात. म्हणजे पूर्व भागातलं मूल घरून जी सोपी, सरळ संख्यानामं घेऊन येतं ती शाळेच्या उंबऱ्यावर काढून ठेवायला लावतो आणि उलटी नावं देतो. सेमी इंग्रजीत तर फिफ्टी थ्री, त्रेपन्न आणि याभै मूडु अशी तिन्ही नावं एका डोक्यात. हेच मूल वहीत ३५ लिहितं आणि शेरा मिळतो, "लक्ष नाही."

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन पर्याय म्हणून आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! भाषेच्या बाजूने आलेले आक्षेप समजू शकतो, 'एकवीस' जायला नको हे खरंच. पण जी अडचण त्या मंडळींनी ओळखली होती ती खरी होती आणि आजही वर्गात आहे.

करायचं असं. खराट्याच्या किंवा आइस्क्रीमच्या शंभर काड्या, दहा रबर. मुलानेच दहा-दहाचे गठ्ठे बांधायचे, आपण बांधून द्यायचे नाहीत. बांधण्यातच दहा म्हणजे एक दशक ही गोष्ट हातात येते. मग संख्या तीनदा म्हणायची : "पाच दशक, तीन सुटे", मग घरच्या भाषेत "याभै मूडु", मग "त्रेपन्न". लिहायचं ते पहिल्या उच्चारावरून. नाणी-नोटाही चालतात, पाच दहाच्या नोटा आणि तीन एक-एक रुपयाची नाणी. वीसपर्यंत पक्कं झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. एकोणिसाचं कुटुंब, म्हणजे १९, २९, ३९, सगळ्यात शेवटी. प्रत्येक वेळी "तिसाला एक कमी" म्हणत तीन गठ्ठ्यांतली एक काडी काढून दाखवायची.

१ ते १०० लिहून आणण्याचा गृहपाठ बंद करा, अशी माझी हात जोडून विनंती आहे. तो करताना मूल काय करतं ते एकदा शेजारी बसून बघा. ते आधी वरून खाली ५ ५ ५ ५ असे दहा पाच काढतं आणि मग त्यांच्या शेजारी वरून खाली ० ते ९ भरतं. वही सुंदर दिसते, बाई बरोबरची खूण करतात आणि त्या मुलाने एकही संख्या लिहिलेली नसते. त्यापेक्षा पाच संख्या तोंडी सांगा, विस्कळीत क्रमाने : ४७, ७४, २९, ६०, १३. यात सगळं कळतं.

पाढ्यांबद्दल. पाढे म्हणण्याला माझा विरोध नाही. बे एके बे, बे दुणे चार ही लय कानात बसते आणि आयुष्यभर उपयोगी पडते. पाच वर्षांच्या मुलाकडून ते *लिहून* घेण्याला विरोध आहे. आणि तिसरीच्या मुलाला "सहा साती?" विचारल्यावर ते "सहा एके सहा"पासून सुरू करत असेल, तर पाढा अजून गाण्याच्याच पायरीवर आहे. तिथे काड्यांचे सहा-सहाचे सात ढीग मांडायचे, दंड म्हणून आणखी वीस वेळा लिहायला सांगून काही होत नाही.

मधलीसुट्टी

वयाचं एक सांगायचं राहिलं. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणारं मूल चालतं. म्हणजे जूनमध्ये एकाच बाकावर साडेपाच वर्षांचं एक आणि जवळपास साडेसहाचं दुसरं बसतं. वर पाटीपेन्सिल यांनी आकारांची वयं दिलीत, ती यावर ठेवून बघा : एकाला शंकरपाळा काढता येतो, दुसऱ्याला त्रिकोण नुकता जमलाय. दोघांना एकच हस्ताक्षर स्पर्धा. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलाचा प्रवेश एक वर्ष पुढे ढकलणं यात कमीपणा काही नाही. "वर्ष वाया जातं" असं नातेवाईक म्हणतीलच.

शाळासमिती

आता वेळेचा हिशेब.

सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते, तीन ते पाचला १० ते १३ (दुपारची धरून). सातची शाळा आणि रिक्षा सव्वासहाला दारात, तर मूल साडेपाचला उठणार. दहा तास मोजले तर साडेसातला झोपायला हवं. सोलापुरात उन्हाळ्यात साडेसातला भिंतीसुद्धा गरम असतात, कुणीही झोपत नाही. म्हणजे रोज दोन-अडीच तासांची तूट.

याच कारणाने ८ फेब्रुवारी २०२४ चा शासन निर्णय आला : पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. अडचण दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांची आहे, एकाच इमारतीत सकाळी प्राथमिक आणि दुपारी माध्यमिक. तिथे सत्रांची अदलाबदल हा पहिला उपाय, मोठी मुलं सकाळी आणि लहान दुपारी. मार्च-एप्रिलची सकाळची शाळा मात्र इथे हवीच. चाळीसच्या वर पारा गेला की दुपारी पत्र्याच्या वर्गात कुणी शिकू शकत नाही. त्या दोन महिन्यांत गृहपाठ पूर्ण बंद आणि दुपारी मुलाला झोपू देणं, एवढं तरी करा. सकाळची शाळा आणि दुपारी दोनला शिकवणी हे जोडकाम सर्वात वाईट.

गृहपाठ : तिसरी ते पाचवीला आठवड्याला दोन तास, म्हणजे पाच दिवसांत वाटले तर रोज २४ मिनिटं, सगळे विषय मिळून. प्रत्येक विषयाच्या शिक्षकाला आपला गृहपाठ पंधरा मिनिटांचाच वाटतो. चार विषयांचा तासभर होतो हे कुणी बेरीज करून बघत नाही. वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात 'आजचा गृहपाठ' असा एक चौकोन ठेवा, त्यात प्रत्येकाने मिनिटं लिहायची. २४ झाली की चौकोन बंद.

दप्तर : भाजीवाल्याच्या काट्यावर मुलाचं दप्तर एकदा ठेवून बघा. दुसरीतलं मूल १८ किलोचं असेल तर मर्यादा १ किलो ८०० ग्रॅम. लिटरभर पाण्याची बाटलीच एक किलोच्या वर जाते. सोलापुरात पाणी कमी न्या असं कुणी सांगू नये. म्हणून शाळेत भरवशाचं पिण्याचं पाणी हाच दप्तर हलकं करण्याचा पहिला उपाय आहे. पाणी असेल तर अर्ध्या लिटरची बाटली पुरते.

पुस्तकांचे चार भाग करून मध्ये कोरी पानं घालण्याचा प्रयोग राज्यात झाला आणि २०२५ मध्ये मागे घेतला. कारण उघड होतं. पानांवर लिहायचं होतं, पण शाळांनी वह्याही चालूच ठेवल्या. वजन जिथल्या तिथे.

जुळेसोलापूर_पालक

शिष्यवृत्ती परीक्षेचं काय? २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला होती, आता परत चौथी-सातवीकडे नेण्याचा निर्णय झालाय. क्लासवाले दुसरीपासून बॅच सुरू करतायत.

दशकएकक

पाचवीच्या परीक्षेचा साचा आधी बघा, मग दुसरीची बॅच किती निरर्थक आहे ते कळेल. दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, ९० मिनिटं, १५० गुण. पहिल्यात प्रथम भाषा २५ आणि गणित ५०, दुसऱ्यात इंग्रजी २५ आणि बुद्धिमत्ता ५० प्रश्न. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. यात प्रश्न वाचणं, सोडवणं आणि उत्तरपत्रिकेत गोल रंगवणं तिन्ही आलं.

सात वर्षांच्या मुलाचा वाचनाचा वेग मिनिटाला ४५ शब्द. तीन-चार ओळींचा प्रश्न वाचण्यातच त्याचा वेळ संपतो, म्हणून क्लासमध्ये त्याला पर्याय बघून अंदाज करायला शिकवतात. ही सवय एकदा लागली की पुढे सुटत नाही. तयारी परीक्षेआधीच्या जूनपासून पुरते. पहिले चार महिने वर्गाचाच पाठ्यक्रम पक्का, दिवाळीनंतर रोज एक घटक, शेवटच्या दोन महिन्यांत आठवड्याला एकच पूर्ण पेपर वेळ लावून. त्याआधी तिसरीपर्यंत कोडी, घड्याळ, दिनदर्शिका, बाजारहिशेब. गड्ड्याच्या जत्रेत शंभर रुपये देऊन "चार पाळण्यांत बसलास तर किती उरतील" हे बुद्धिमत्तेच्या पेपरचंच काम आहे.

घरकुल

माझा एक प्रश्न राहिलाच. मिनिटाला ४५ शब्द, हे घरी किंवा बालवाडीच्या ताईंना मोजायचं तर कसं?

पूर्वभाग

मुलाने आधी न वाचलेला, त्याच्याच इयत्तेच्या पातळीचा साधारण ७० शब्दांचा उतारा घ्या. पाठ्यपुस्तकातला नको, तो पाठ असतो आणि बोट एका ओळीवर, तोंड दुसऱ्या ओळीवर चालतं. त्याची दुसरी प्रत तुमच्या हातात. फोनवर एक मिनिट लावा. अडलं तर तीन-चार सेकंद थांबा, मग शब्द सांगा आणि त्यावर फुली मारा. मुलाने स्वतःहून चूक सुधारली तर फुली नाही. मिनिट झालं तिथे रेघ मारा, पण मुलाला उतारा संपवू द्या, मध्येच तोडू नका. रेघेपर्यंतचे शब्द वजा फुल्या, हा वेग. लगेच तीन प्रश्न विचारा, त्यातला एक "का" असा हवा. घरच्या भाषेत उत्तर दिलं तरी धरा.

मुलासमोर आकडा बोलू नका आणि दोन मुलांना एकमेकांसमोर वाचायला लावू नका. शर्यत झाली की मूल शेवटची अक्षरं गिळतं. महिन्यातून एकदा मोजलं तरी खूप.

अजून एक, इंग्रजी शाळेतल्या भावंडाच्या वेगाशी तुलना करू नका. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात. 'सोलापूरच्या बाजारातून' हे मराठीत दोन शब्द, इंग्रजीत पाच. मराठी ४५ मध्ये मूल बरंच जास्त वाचत असतं.

शाळासमिती

पालक सभेत हे मांडणार असाल तर एका सभेत तीनच मागण्या ठेवा, जास्त ठेवल्या की सगळ्याच मागे पडतात : दुसरीपर्यंत लेखी गृहपाठ नाही, १ ते १०० लिहून आणणं बंद, चौरेघी वही पहिलीच्या दुसऱ्या सत्रापासून. इतिवृत्तात नोंद करून घ्या.

पूर्वभाग

आणि सभा संध्याकाळी सातनंतर ठेवा. यंत्रमागाची दिवसपाळी सुटल्याशिवाय वडील येऊ शकत नाहीत आणि विड्या कारखान्यात देऊन झाल्याशिवाय आया. तेलुगूत समजावून सांगणारं कुणीतरी पुढे बसलेलं असू द्या.